टाके विरघळेपर्यंत

वेरूळला गेलो त्या दिवशी माझं दुखणं पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला कळलं. तोवर नऊ वर्षं ते मी एकटीनंच सांभाळलं होतं.

पाचोडजवळच्या आमच्या गावाहून माझी थोरली जाऊ आली होती. तिच्या नातवाचं जावळ काढलं होतं, म्हणून सगळे घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालो. रांग मोठी होती. अर्धा तास उभं राहिल्यावर नेहमीसारखं झालं. खालून काहीतरी जड उतरल्यासारखं, मग मांड्यांमध्ये लिंबाएवढा गोळा. लघवीला लागली होती, पण तो गोळा बोटानं आत सारल्याशिवाय लघवी उतरायची नाही. संडासात मला बराच वेळ लागला. बाहेर आले तर जाऊ दाराशी उभी. तिला मी आक्का म्हणते. तिनं आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं,

"अंग येतंय का गं बाहेर?"

मी खाली बघत म्हटलं, "व्हय, आक्का."

"किती वर्सं झाली?"

"नऊ."

"मला चौदा झाली," ती म्हणाली, आणि पदर सावरून परत रांगेत जाऊन उभी राहिली.

माझी तिन्ही बाळंतपणं गावातच, घरी झाली. तिसऱ्या वेळी बाराव्या दिवसापासून मी विहिरीचं पाणी ओढायला लागले होते. आक्काचंही तसंच. त्यात तिच्या डोक्यावर रोज शेळ्यांसाठी पाल्याचा भारा. पुढं आमच्या ह्यांना एसटीत मेकॅनिकची नोकरी लागली आणि आम्ही शहरात, उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत आलो. मी ब्लाउज शिवायला लागले. अंग खाली यायला लागलं ते पाळी जायच्या सुमाराला. दिवसभर मशीनवर बसलं की ते आत राहायचं, म्हणून मी बसून राहायची कामं शोधायची. लग्नाला जाणं सोडलं. बाजारात उभं राहणं सोडलं. सुती कापडाच्या घड्या करून वापरायची आणि त्या सगळ्यांच्या नजरेआड वाळत घालायची. ह्यांना वाटायचं, वयामुळं माझा स्वभाव चिडका झालाय.

वेरूळहून परतल्यावर आठ-दहा दिवसांनी आक्काचा फोन आला. ती म्हणाली, तू शहरात आहेस, तू आधी दाखव. तुझं बघून मी ठरवते.

म्हणजे मला ह्यांना सांगणं भाग होतं. जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी एका सकाळी मशीनवर बसून, त्यांच्याकडं पाठ करून सांगितलं. हे नुकतेच रिटायर झाले होते, खाटेवर पेपर वाचत बसले होते. मी बोलून थांबले, तसा मागं पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मला वाटलं, उठून गेले. मग त्यांनी विचारलं, "दुखतं का?" आणि थोड्या वेळानं, "नऊ वर्षं?" दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तेच तयार होऊन बसले.

डॉक्टर बाईच होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी एका कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. गर्भाची पिशवी खाली उतरली होती आणि तिच्यासोबत लघवीची पिशवीही ओढली गेली होती. पोट न कापता खालूनच गर्भाशय काढायचं आणि पुढची-मागची सैल झालेली बाजू टाके घालून आवळायची, असं ते ऑपरेशन. मी विचारलं, दोरा कसला असतो? त्या म्हणाल्या, आपोआप विरघळणारा. मी म्हटलं, "कापड विरलेलं असलं तर टाका कितीही चांगला घाला मॅडम, बाजूनं फाटतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर आहे तुमचं. म्हणून तर तीन महिने त्या कापडावर ताण द्यायचा नाही. भरलेली बादली नाही, कळशी नाही, कुंथणं नाही." मग काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. रक्त जाऊ शकतं, जंतू होऊ शकतात, काही दिवस लघवी अडू शकते, आणि पुढं कधीतरी अंग पुन्हा उतरूही शकतं. मी ऐकलं, पण खरं सांगायचं तर ते सगळं दुसऱ्या कुणाला होत असेल असंच मला वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळं मी जागी होते. हत्यारांचा आवाज येत होता आणि दोन नर्सा शेपूच्या भाजीबद्दल बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी आत भरलेली पट्टी ओढून काढली. फेट्याच्या कापडासारखी ती निघतच राहिली. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि तिथून अडचण सुरू झाली. लघवी उतरेना. नळ सोडून आवाज ऐकवला, कोमट पाणी ओतलं, तासभर बसले. पोट दगडासारखं झालं. शेवटी परत नळी घातली. दोन दिवसांनी पुन्हा काढली, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाल्या, आतली सूज आहे, हे होतं आणि जातंही. घरी जा, नळी राहू द्या.

अशी मी नळीला जोडलेली लघवीची पिशवी कमरेला लटकवून घरी आले. आक्का शेळ्या सुनेवर सोपवून माझं करायला आली होती. स्वयंपाक, धुणं, माझी वेणीफणी सगळं ती बघायची. पिशवी मात्र ह्यांनी स्वतःकडं घेतली. ज्या माणसानं जेवलेलं ताटही कधी उचललं नव्हतं, तो दिवसातून चार वेळा माझी लघवीची पिशवी रिकामी करायचा. पहिल्या दिवशी श्वास रोखून आणि मान वळवून. चौथ्या दिवसापासून ती उजेडात धरून बघायला लागले, वर्कशॉपमध्ये इंजिनातलं ऑईल बघावं तशी.

सहाव्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "आज गढूळ दिसतंय."

आक्का म्हणाली, चहा जास्त झाला असेल. दुपारी मला थंडी वाजून आली. दोन गोधड्या अंगावर असून खाट हलत होती. रिक्षातून परत दवाखान्यात. लघवीत जंतू झाले होते. तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं. मॅडमनी ह्यांना विचारलं, तुम्हाला गढूळ आहे हे कधी कळलं? सकाळीच, असं ह्यांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी थंडी वाजायची वाट बघू नका, तेव्हाच या.

घरी आल्यावर आक्कानं तिच्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. ती आठ दिवसांसाठी आली होती, ते होऊन गेले होते, जायचंच होतं. पण साडीची घडी घालता घालता ती म्हणाली, "मी नाय करणार गं हे. चौदा वर्सं काढली, राहिलेली बी काढीन." तापात मीही हेच म्हणत होते, की आहे ते बरं होतं, उगाच छेडलं. ती गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दोन दिवस ह्यांच्याशीही धड बोलले नाही.

त्यानंतर नळी निघाली. या वेळी लघवी झाली, पण पूर्ण होत नव्हती. आत उरायची. उरलेली काढायला बारीक नळी स्वतःच घालायला शिका, असं सांगितलं. शिकवायला माझ्या मुलीच्या वयाची नर्स होती. तिनं मला भिंतीला टेकून बसवलं, पायांमध्ये आरसा ठेवला. साबणानं हात धुवायला लावले. म्हणाली, "आरशात बघा, मावशी. लाजायचं कशाला, तुमचंच आहे."

मी छप्पन्न वर्षांची होते. तीन लेकरं झाली, एवढं मोठं ऑपरेशन झालं, पण ती जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. आधी कुठं काय आहे तेच कळेना. दोनदा नळी चुकीच्या जागी गेली. तिसऱ्यांदा ती अलगद आत सरकली आणि भांड्यात धार पडली. नर्स हसली. मलाही हसू आलं, त्या पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा. घरी सकाळ-संध्याकाळ मी ते करायला लागले. सुरुवातीला पेलाभर निघायचं, मग अर्धा पेला, मग दोन-तीन चमचे. तीन आठवड्यांनी मॅडमनी नळी बंद करायला सांगितलं.

आता सुटले, असं मला वाटलं, आणि तिथंच मी चुकले.

आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. तेही तास-दीड तास. नळ अंगणातल्या खड्ड्यात आणि ड्रम आतल्या मोरीत, म्हणून बादलीनं भरायचं. ऑपरेशन झाल्यापासून ते काम ह्यांच्याकडं होतं. त्या दिवशी हे गावी एका दहाव्याला गेले होते. पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं, पण ते त्याच दिवशी सकाळी आलं. शेजारणीला हाक मारली, तिच्याही दारात पाणी आलेलं, ती तिच्या गडबडीत. खड्ड्यात पाणी वाहून जाताना बघवेना. म्हटलं, अर्धी बादली नेऊ. दोन खेपा अर्ध्या नेल्या. पुढच्या चार भरलेल्या होत्या.

दुपारी रक्त दिसलं. फार नव्हतं, पण कापडावर एक दोऱ्याचा तुकडाही होता, जांभळट, बोटाच्या पेराएवढा. सगळी शिवण उसवली, असंच मला वाटलं. मोरीच्या उंबऱ्यावर बसून मी हंबरडा फोडला. शेजारीण धावत आली, तिनंच रिक्षा आणली.

मॅडमनी तपासलं. दोरा तसाही या दिवसांत तुकड्यातुकड्यानं पडतो, त्याला भ्यायचं कारण नव्हतं. पण मागच्या बाजूला बोटभर जागेत टाका सुटला होता. बाकी सगळं घट्ट होतं. आत पट्टी ठेवली, औषधं दिली. त्या मला रागावल्या नाहीत. इतकंच विचारलं,

"किती बादल्या?"

"चार. आणि दोन अर्ध्या."

"घरात माणसं किती?"

"दोघंच."

"मग उद्या त्या दुसऱ्या माणसाला माझ्याकडं पाठवा."

दुसऱ्या दिवशी हे मॅडमकडं गेले. त्यांना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. आल्यावर त्यांनी ड्रम मोरीतून काढून अंगणात नळाशेजारी ठेवला, एक छोटी मोटर आणली आणि ड्रममधून आत मोरीत बसवलेल्या नव्या टाकीपर्यंत पाइप टाकला. सगळं मिळून दोन तास लागले. बटण दाबलं की पाणी आत. मला आनंद व्हायला हवा होता, आला राग. मी म्हटलं, "हातात एवढी कला होती तर पंचवीस वर्षं मी बादल्या का उचलल्या?" ते हातातला पाना पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या ध्यानातच आलं नाही. तू उचलत होतीस, मला ते दिसतच नव्हतं." ती माफीच होती. त्यांना याहून वेगळी मागता येत नाही.

ती बोटभर जागा आपोआप भरून आली. मॅडमनी व्यायाम दिला. लघवी मधेच रोखून धरावी तसं आतून आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मी काज-बटण करताना करायची, डाळ निवडताना करायची. शिंकलं की थोडी लघवी निसटायची, ती महिन्या-दोन महिन्यांत कमी झाली, पूर्ण गेली नाही. पण उभं राहता येऊ लागलं. एक दिवस भाजी घेऊन घरी आले आणि गॅस पेटवल्यावर लक्षात आलं की अर्धा तास मी उभी होते आणि खाली काय होतंय याची एकदाही आठवण झाली नव्हती.

ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी बसनं गावी गेले. आक्का गोठ्यात शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं विचारलं, कसंय? मला नुसतं चांगलंच सांगता आलं असतं. म्हणजे ती तयार झाली असती. पण माझा ताप तिनं बघितला होता, तिच्यापुढं कशाला लपवायचं? मी सगळं सांगितलं. नळी, आरसा, बादल्या, सुटलेला टाका, शिंकेची गोष्ट. आणि हेही, की पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन.

तिनं हातातला उरलेला पाला शेळ्यांपुढं टाकला. मग म्हणाली, "तुझं बरं झालं. पर तीन महिने या शेळ्या कोन बघंल? सुनेला दिवस गेल्यात." भारा उचलल्याशिवाय तिचा दिवस जात नाही, हे मलाही माहीत होतं. तेव्हा मी तिला रिंगबद्दल सांगितलं. मॅडमनी मलाही ते विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. मऊ रबरासारखी रिंग आत बसवतात, ती अंगाला वर धरून ठेवते, काही महिन्यांनी दाखवून धुऊन घ्यायची. कापाकापी नाही.

पुढच्या आठवड्यात ती आली. पहिली रिंग खोकल्यावर निसटली. मॅडमनी थोडी मोठी बसवली आणि चालून बघा म्हणाल्या. आक्का दवाखान्याच्या बोळात चालली, जिना चढली-उतरली, सगळ्यांसमोर उकिडवी बसली, उठली. आमच्यासोबत आलेल्या ह्यांनी तिकडं पाठ केली. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बसलंय." डोळे भरले होते तिचे, पण आवाज नेहमीसारखाच.

मला वाटलं होतं ती हे कुणाला सांगणार नाही. पण पाचोडच्या आठवडी बाजारात बायका भेटतात, तिथं तिनं सांगायला सुरुवात केली. गेल्या वर्षभरात त्या बाजूच्या चौघी-पाच जणी उस्मानपुऱ्यात आमच्याकडं उतरून मॅडमना दाखवून गेल्या. एकीचं ऑपरेशन झालं, एकीला नुसता व्यायाम पुरला, बाकीच्यांना रिंग. बायका आल्या की हे चहा टाकतात, कप पुढं ठेवतात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

मागच्या महिन्यात आलेली तिशीचीच होती, कडेवर लेकरू. चहा प्याली तरी बोलेना, पदराचं टोक पिळत बसली. मी मशीन बंद केलं, लेकरू तिच्याकडून घेऊन चटईवर ठेवलं आणि माझं आधी सांगायला घेतलं.