टाळ्यांनाही लावतात

मोठे काका गेल्याचा पप्पांचा फोन आला, तेव्हा मी जालन्यात आठवीच्या मुलांना शिकवत होते. फोन ठेवला आणि उरलेला धडा पूर्ण केला. रडू आलं नाही. आता महिना होत आला, अजून आलेलं नाही.

काका हसनाबादच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांचा वर्ग घरातच भरू लागला. पाहुणे चहाला बसले की आम्ही पोरांनी त्यांच्या लाकडी खुर्चीसमोरच्या फरशीवर उभं राहायचं आणि ते विचारतील त्या शब्दाचा अर्थ सांगायचा. इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच, म्हणून माझी पाळी ठरलेली. “या मॅडम,” ते म्हणायचे, “खर्चा तर लई झाला, उजेड बघू किती पडला.” पाहुणे हसायचे.

बारावीनंतर मला इंग्रजी शिकायला पुण्याला जायचं होतं. पप्पा तयार होते, फक्त एकदा दादांना विचारू म्हणाले. दादांनी, म्हणजे काकांनी, मला फरशीवर बोलावलं आणि शब्द टाकला, ट्युमल्चुअस.

मी खाली बघूनच म्हणाले, “उलथापालथीचा, प्रचंड खळबळीचा. समुद्राला लावतात, काळाला लावतात... टाळ्यांनाही लावतात.”

“टाळ्यांना?” काका पाहुण्यांकडे वळले. “ऐका. दंगलीचा शब्द ही टाळ्यांना लावून राह्यली. चुकलं म्हण.”

शब्दकोश आतल्या कपाटात होता. कुणी उठलं नाही.

“चुकलं,” मी म्हणाले.

“एक शब्द बराबर येत न्हाई, मंग पुण्याला जाऊन काय दिवे लावनार?”

पप्पा बशीतला चहा पीत होते. “दादा म्हणतेत ते बराबरच असंल,” एवढंच बोलले. पुणं तिथेच संपलं.

अंत्ययात्रेला काकांचे जुने विद्यार्थी खूप आले होते. शिस्तीचा माणूस, असं सगळे म्हणत होते. पांढऱ्या मिशांची माणसं, पण हात मागे बांधून उभी, कुणीतरी आता नाव घेऊन विचारेल अशी...

तेराव्याला पाहुणे उठून गेल्यावर पप्पा त्या खुर्चीत टेकले. मग हळूच म्हणाले, “त्या शब्दाचा अर्थ काय व्हता गं?”

“त्या दिवशी सांगितला होता,” मी म्हणाले.

पप्पा उठले. खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यासमोरच्या फरशीवर कुणी पाय देत नाही, घरातले सगळे कडेने वळसा घालून जातात. मीसुद्धा.