चेरीसाठी बर्फ

रहिमतपुरात चेरीचं झाड एकच, आमच्या शेजारच्या काकांच्या परसात. फौजेतल्या त्यांच्या मुलानं सुट्टीवर येताना शिलाँगहून रोप आणलं होतं. "थंडीत अख्खं झाड गुलाबी हुतंय, बघा तर," म्हणाला होता. पुढं तो गेला. घरी त्याची ट्रंक तेवढी आली.

काका बोलतात मोजकंच, तेही जास्त करून झाडाशी. "व्हय रं, देतो पाणी," असं काहीतरी. झाड छपराच्या वर गेलं, पण कळी कधी धरली नाही. याला इथली थंडी पुरत नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं. तेव्हापासून दिवाळी सरली की ते सायकलवरून पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणतात, फोडतात आणि बुंध्याभोवती पसरतात.

परवा मला बघवेना. म्हटलं, "काका, एवढ्याशा बर्फानं काय होणार?"

"बघू की गड्या."

बर्फ पसरून झाल्यावर ते बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. "लय गार लागतंय व्हय रं?" त्यांनी झाडाला विचारलं. मग आत जाऊन ट्रंकेतला फौजी स्वेटर घेऊन आले, बुंध्याला गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली.