दारासमोरचा खड्डा

मी मामांकडेच वाढले. आमचे मामा मैलकुली. कच्च्या रस्त्यावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकून बसवायचं, यातच जन्म गेला. पावसात चाकं चर पाडणार, उन्हाळ्यात त्याच चरांची धूळ उडणार, वर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठणार. मामा पुन्हा फावडं घेऊन हजर. म्हणायचे, रस्ता टिकला तर मी उपाशी मरेन.

फक्त स्वतःच्या दारासमोरचा खड्डा त्यांनी कधी बुजवला नाही. मामेभाऊ ट्रक चालवायचा. त्या खड्ड्यात रिकाम्या ट्रकचा मागचा फाळका धाडकन वाजला, की मामी ताट वाढायला घ्यायची. जगाचे खड्डे बुजवता आणि इथे सायकलवर माझी कंबर मोडते, अशी कटकट मी कितीदा केली. मामा नुसते हसायचे.

मग एका पावसाळ्यात वळणावर रस्त्याची कड खचली आणि ट्रक दरीत गेला. भावाला आम्हीच स्मशानात पोचवून आलो. पुढे पलीकडून डांबरी रस्ता झाला, हा बंद केला, दोन्ही तोंडांशी मोठाले दगड टाकले. सायकलसुद्धा येईना.

तरी दिवेलागणीला फाळका वाजायचा. हसा खुशाल, मी माझ्या कानांनी ऐकलाय. बाहेर यावं तर रस्ता रिकामा, आणि चिखलात चाकांचे ताजे चर. मामी ताट वाढून उंबऱ्यात बसायची, स्वतः घास घ्यायची नाही. नुसती हाडं राहिली होती. डॉक्टर म्हणाले, अशीच राहिली तर हातची जाईल. मग मी मामांच्या मागेच लागले, की बुजवा तो खड्डा एकदाचा.

त्यांनी बुजवला. एवढं चोख काम त्यांनी सरकारचंही कधी केलं नसेल. त्या संध्याकाळी काही वाजलं नाही. मामी चार घास जेवली. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

सकाळी दार उघडलं. चाकांचे चर आमच्या दारावरून पुढे गेले होते. तिथून वळून परत आले होते, पुन्हा पुढे गेले होते. अख्खा रस्ता उखडला होता.

मामा आतून पहार घेऊन आले.

"त्याला घर सापडत नाहीये गं."

मी पहार घट्ट धरली. म्हटलं, "मामीचा जीव जाईल."

"मग त्याला असाच फिरत ठेवू?"

मी पहार सोडली.

संध्याकाळी फाळका वाजला. मामी ताट वाढायला उठली.