काकू आणि बिनपायांचा शिपाई

धक्का बसण्याच्या बाबतीत आमच्या घरमालकीणकाकूंच्या तोडीचं माणूस मंडणगडापासून राजापुरापर्यंत दुसरं झालं नसेल. इतरांना धक्का बसायला निदान काहीतरी घडावं लागतं. काकूंना दूध वेळेवर आलं तरी पुरत असे. "अगो बाई! आज वेळेवर?" असं म्हणून त्या पातेलं हातात धरून भिंतीला टेकत. कोथिंबीर महागली की धक्का आणि स्वस्त झाली की त्याहून मोठा धक्का, कारण स्वस्त कोथिंबिरीत नक्की काहीतरी गोम असणार. मासळीबाजारातल्या बायका त्यांना दुरून येताना बघूनच म्हणत, "काकी, आधी टेकून घ्या, मग भाव सांगते." भाट्याच्या पुलावरून एसटी चालली की दर खेपेला त्या खिडकीची दांडी घट्ट धरून ओरडत, "केवढं हे पाणी!" खाडीला भरती येते हे लहानपणापासून ठाऊक असूनही भरतीने त्यांना कधी बेसावध गाठलं नाही असं झालं नाही. एकदा तर आपल्याच घरातल्या आरशात पाहून त्या दचकल्या होत्या. "कोण बाई आत आलीय, म्हटलं," असं त्यांनी नंतर स्पष्टीकरण दिलं आणि ते सांगताना पुन्हा दचकल्या.

दोन हजार साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन मी संगणकाचे वर्ग चालवत होतो. रत्नागिरीत तेव्हा संगणक शिकायला येणारी माणसं चपला बाहेर काढून, हात धुऊन आत येत. काकू मला "मास्तर" म्हणत, आणि मास्तर म्हणून अरेतुरे करत. खोल्यांच्या आणि घराच्या मधल्या दारात एक आरामखुर्ची असे. तीत काका बसलेले असत.

काका बंदर खात्यातून निवृत्त झालेले. हा माणूस हसायला लागला की समोरच्या घरातलं मूल पाळण्यात उठून बसायचं, असं शेजारी सांगत. काकूंना धक्का बसायचा आणि काका हसायचे, अशी त्या संसाराची रीतच पडून गेली होती. मी तिथे गेलो तेव्हा ते हसणं थांबलं होतं. आदल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसभर ते खिडकीबाहेरच्या फणसाकडे बघत बसत. काकू बाजारातून आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांच्यापुढे उभ्या राहून त्या दिवसाचे धक्के सांगत. अमक्याच्या सुनेने केस कापले. तमक्याच्या आंब्याला अवेळी मोहोर आला. सांगून झालं की त्या क्षणभर काकांच्या तोंडाकडे बघत थांबत. कधी ओठांचा डावा कोपरा जरासा हलायचा, बहुतेकदा नाही. मग पिशवी उचलून त्या आत जात.

मी त्या काळात इथल्या एका साप्ताहिकात संगणकावर सदर लिहीत असे. मुंबईहून एक मासिक यायचं, त्याबरोबर सीडी असायची, आणि तीत लवकरच बाजारात येणाऱ्या खेळांचे छोटे नमुने असायचे. एका महिन्यात बंदुकीच्या लढाईचा एक खेळ आला. अख्खा खेळ यायला अजून अवकाश होता. सीडीवर पहिला तुकडा तेवढा होता. त्यावर पहिलं मत लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. या खेळात आपणच शिपाई असतो. आपण स्वतःला दिसत नाही, पडद्याच्या तळाशी बंदूक धरलेले दोन हात दिसतात, आणि माउस हलवला की सगळं जग आपल्याभोवती फिरतं. ते माझ्याभोवती इतकं फिरलं की पाच मिनिटांत मला टेबलाची कड धरावी लागली. माझं पहिलं मत एवढंच झालं की जेवणानंतर हा खेळ खेळू नये.

तेवढ्यात काकू कोकमाचं सरबत घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून जागच्या जागी थांबल्या.

"मास्तर, हा बाकीचा कुठे गेला?"

"कोण, काकू?"

"हा माणूस! नुसते हात दिसतायत मेल्याचे. धड कुठाय?"

मी समजावलं की हे हात आपलेच आहेत, आपण त्याच्या डोळ्यांनी बघतोय. काकूंनी ग्लास ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मग जरा खाली बघ. पायात काय घातलंय बघू." मी माउस खाली ओढला. पडद्यावर फरशी आली. पाय नव्हते. त्या काळच्या बऱ्याच खेळांत नसायचे, पण हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

"अगो बाई! पायच नाहीत याला!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की रस्त्यावरचा सायकलवाला उतरला. "आणि याला लढाईवर पाठवला? कोणी पाठवला?"

मग त्यांनी खुर्ची ओढली. हे असं ढकललं की चालतो, हे दाबलं की बंदूक उडते, एवढं मी दाखवलं. मुखवटा घातलेला एक इसम कोपऱ्यावरून समोर आला. काकू दचकल्या, दचकण्यात बोट दाबलं गेलं, आणि इसम धाडकन पडला. काकूंनी माउस असा सोडला जणू तो तापलेला तवा होता.

"मी मारला?"

"हो, पण काकू, तो खोटा..."

"नाव नाही, गाव नाही, विचारलंदेखील नाही कोण म्हणून!" त्या उठल्या, मोरीवर जाऊन हात धुऊन आल्या, आणि परत पडद्यापुढे उभ्या राहून त्या पडलेल्या इसमाला म्हणाल्या, "तुला तरी कोणी सांगितलं होतं रे मध्ये यायला?"

तेव्हा मधल्या दारातून एक आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा, खरखरीत, तुटक. काका गुदमरले असं वाटून मी धावलो. काका गुदमरले नव्हते. त्यांचं अर्धं तोंड जागच्या जागी होतं, पण उरलेलं अर्धं हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मागे वळून पाहिलं. ओरडायच्या वेळी काकू नेमक्या गप्प होत्या. ओला हात पदराला पुसत त्या नुसत्या बघत राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "उद्या दुपारी वर्ग किती वाजता सुटतो रे तुझा?"

त्यानंतर रोज दुपारी वर्ग रिकामा झाला की काकांची खुर्ची आम्ही संगणकाशेजारी आणून ठेवू लागलो आणि काकूंचा लढा सुरू होई. त्यांच्यासारखा शिपाई कुठल्याच सैन्याला परवडला नसता. उघडलेलं प्रत्येक दार त्या आत गेल्यावर लावून घेत. अख्ख्या कारखान्यात माणूस नाही आणि दिवे मात्र सगळे चालू, याचा त्यांना रोज नव्याने धक्का बसे. "बिल कोण भरतं यांचं?" जागोजागी लाकडी खोकी रचलेली असत, ती फोडून त्या आत काय आहे बघत, आणि आत काहीच नाही हे कळल्यावर जगाच्या अप्रामाणिकपणाने सुन्न होत. एका खोलीत संडास होता आणि त्याची साखळी ओढली की खरोखर पाणी यायचं. हे पाहून तर त्यांनी आळीतल्या चार बायकांना बोलावून आणलं. मागून गोळ्या येत होत्या आणि पुढे काकू साखळी ओढून दाखवत होत्या. "बघ गो, बघ! लढाईत पण सोय केलीय!" ऐन चकमकीत वीज जाई, पडदा काळा होई, आणि काकू अंधारात किंचाळत, "गेलो की काय आपण?" दर वेळी काकांच्या घशातला तो खरखरीत आवाज उमटे. दिवसेंदिवस त्यातली खरखर कमी होत गेली आणि हसणं वाढत गेलं.

एकाच ठिकाणी काकू खऱ्याखुऱ्या थबकल्या होत्या. खेळात भिंतीशी औषधाची पेटी पडलेली असते. शिपाई कितीही जखमी असो, त्या पेटीवरून गेला की क्षणात ठणठणीत होतो. काकू त्यावरून गेल्या आणि कोपऱ्यातला आकडा भराभर वर चढला. "एवढ्यात?" त्या हळूच म्हणाल्या. "गोळी नाही, मालीश नाही, काही नाही?" मग काकांकडे वळून बघितलं. काकांनी डावा हात उचलून हवेत झटकला, सोड गं, म्हटल्यासारखा. त्याबरोबर काकूंचा सूर परत चढला. "आणि मी म्हणते, पाय नाहीत तर पेटीला लागलं काय याचं?"

साप्ताहिकात मी खेळाचं पहिलं मत म्हणून काकूंचे हे धक्केच छापायला दिले. त्या अंकाची बरीच वाहवा झाली. संगमेश्वराहून एका गृहस्थांनी निरोप धाडला की खेळाचं जाऊ द्या, त्या बाईंना काय झालं ते पुढे लिहा. आपलं बोलणं छापून आलं याचा काकूंना जो धक्का बसला त्यातून त्यांना सावरायला संध्याकाळ लागली.

नमुन्याचा तुकडा एका लिफ्टपाशी संपायचा. शिपाई लिफ्टमध्ये शिरतो, दारं मिटतात, लिफ्ट खाली जाऊ लागते, आणि पडद्यावर अक्षरं येतात की खेळ लवकरच येत आहे. हे लवकरच काही केल्या येईना. मासिकात दर महिन्याला नवी तारीख यायची. खाली काय असेल, हा त्या घरातला चर्चेचा विषय होऊन बसला. काकू एकेक तर्क काढत आणि काका मान हलवून नाही म्हणत. समुद्र? नाही. भुतं? नाही. बाकीच्या खोक्यांमधलं सामान? नाही. एका दुपारी काकू वैतागून म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा, काय आहे ते!" काकांनी ओठ आवळले, मान ताणली, कपाळावर शीर उठली. किती वेळ ते नुसतेच धडपडत राहिले. मग एकेक अक्षर बाहेर आलं.

"बा... य... को."

झटका आल्यापासून काकांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मी खुर्चीत ताठ झालो. काकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"खाली याची बायको आहे?" त्या ओरडल्या. "म्हणून मेला एवढी मोठी बंदूक घेऊन चाललाय?"

काका इतके हसले की खुर्ची हलली. पाठ चोळायला मला उठावं लागलं. काकूही हसत होत्या, आणि हसताहसता पदराचं टोक डोळ्यांना लावत होत्या.

त्या थंडीत काका गेले. सकाळी झोपेतच गेले. कळलं तसे आम्ही सगळे धावलो आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाच्या मनात एकच भीती होती, की दुधाने हादरणारी ही बाई आता काय करील. काकू काकांच्या उशाशी बसल्या होत्या. येणाऱ्याला बसायला सतरंजी कुठे आहे ते सांगत होत्या. गुरुजींना कोणी कळवायचं, मुलीला फोन कोणी करायचा, सगळं हळू, सावकाश आवाजात. "पहाटे श्वास बदलला तेव्हाच कळलं मला," एवढंच म्हणाल्या. उभ्या आळीने आयुष्यभर त्यांचे धक्के ऐकले होते. त्या सकाळी त्यांच्या शांतपणाने अख्खी आळी हबकून गेली. मासळीबाजारातली एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, काकीनं एकदा ओरडावं, तर आमच्या जिवाला बरं वाटेल."

उन्हाळ्याच्या तोंडाला खेळ एकदाचा आला. मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सीडी आणून दिली. मी ती कपाटात ठेवली आणि काकूंना काही बोललो नाही. आठवड्याभरात त्यांनीच दारात उभं राहून विचारलं, "आला का रे तो?" मी हो म्हटलं. "मग लाव की."

त्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. आता दारं लावतील, खोकी फोडतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. काकूंनी चष्मा नीट केला आणि खेळायला लागल्या. कोपऱ्याशी थांबून त्यांनी आधी डोकावून घेतलं. गोळ्या संपायच्या आत बंदूक भरून घेतली. पहिला मुखवटेवाला मला दिसायच्या आधीच खाली पडला, दुसरा वळायच्या आत. एकही गोळी वाया गेली नाही, तोंडून एक शब्द निघाला नाही. ज्या तुकड्याला आम्हांला दुपार लागायची तो त्यांनी बघता बघता पार केला. लिफ्ट खाली गेली, दारं उघडली. खाली बायको नव्हती. आणखी तसेच मुखवटेवाले होते, तसेच दिवे, तशीच खोकी. काकूंनी तेही न बोलता निपटले.

धक्का बसण्याची पाळी त्या दिवशी माझी होती. माझे नावाजलेले विद्यार्थीही असे खेळत नसत.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हांला हे येत होतं?"

"पहिल्या आठवड्यातच आलं की रे. त्यात काय एवढं? शिवणाचं यंत्र याहून अवघड असतं."

"मग रोज तशा ओरडत का होतात?"

काकूंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "हसायचे ना ते," त्या म्हणाल्या.

बाहेर फणसावर कावळे ओरडत होते. आणखी एक दार आलं, ते त्यांनी उघडलं, पण आत गेल्या नाहीत. माउस माझ्याकडे सरकवला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"तुझ्या त्या पेपरात मत द्यायचं असेल ना? खेळ चांगला केलाय, असं लिही. मेहनत दिसते." दारापर्यंत जाऊन त्या क्षणभर थांबल्या. "एकटीला जरा मोठा पडतो, एवढंच."