गुढीसाठी केलेली खिडकी

सिंगापूरच्या सेरंगून भागातलं आमचं घर आधीच्या मालकाने फ्रान्समधल्या खेड्यातल्या घरासारखं सजवलं होतं. फिकट निळ्या लाकडी झडपांच्या खिडक्या आणि लहान लहान काचांची दुहेरी दारं. इथल्या दमट हवेत हा थाट म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं मी म्हणायचो. बायकोचा मात्र त्यावर भारी जीव. दारं फुगली, झडपांना वाळवी लागली, तेव्हा सगळं नवं करायचं ठरलं. पण घडण तीच आणि निळा रंगही तोच, हे तिने कॉन्ट्रॅक्टरला बजावलं.

तिची आणखी एक अट होती. दर पाडव्याला ती गुढीची काठी खिडकीतून बाहेर काढून झडपेला बांधायची. मग दिवसभर खिडकी उघडी, एसी बंद आणि माझी चिडचिड चालू. म्हणून या वेळी तिला खिडकीबाहेर काठीसाठी पितळी कडी हवी होती. झेंडा लावायचाय का, असं कॉन्ट्रॅक्टरने विचारलं. "नो फ्लॅग लाह, साडी!" मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

खिडक्या तयार होऊन येण्याआधीच ती गेली. हार्ट अटॅक. कॉन्ट्रॅक्टरने कडी मात्र आठवणीने बसवली.

मग पाडवा आला. आमच्यात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पुण्याहून बहिणीने फोनवर तेच पुन्हा सांगितलं, आणि मी उगाच तिच्यावर खेकसलो.

दिवसभर एसी चालू होता. खिडकी बंद होती. नवी आहे, अगदी घट्ट बसते.