एका हाताचं जेवण

माझ्या मावशीने एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. तिथे तिला सगळे ट्रेमावशी म्हणायचे, कारण दोनशे ट्रे लावून ते ढकलगाडीवरून प्रत्येक खाटेपर्यंत न्यायचे आणि एकाचंही सूप सांडू द्यायचं नाही, हे तिलाच जमायचं. शाळांच्या सुट्टीच्या तोंडावर ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "घर खायला उठतं रे. सुट्टीभर पोरं दे ना माझ्याकडे. स्वयंपाक शिकवते, टेबल लावायला शिकवते."

मी पडलो अतिशहाणा. तिन्ही मुलांची नावं गणिताच्या शिबिरात घालून मोकळा झालो होतो. शेवटी बायकोने तोड काढली. पहिला आठवडा मुलं दिवसभर मावशीकडे राहतील, रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जेवायला जाऊ, आणि मुलं काही शिकलेली दिसली तरच पुढची सुट्टी तिथे. नाहीतर सोमवारपासून गणित. मावशी "बरं" म्हणाली. ते "बरं" घाबरलेलं होतं हे मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं.

सोमवारी रात्री आमची धाकटी, वय वर्षं सहा, डावा हात पाठीमागे धरून जेवायला बसली.

"हात कुठे गेला?" मी विचारलं.

"सलाईन लावलंय," ती म्हणाली आणि शांतपणे जेवू लागली.

उलगडा थोरल्याने केला. मावशीने जन्मात कधी टेबल लावलंच नव्हतं, लावले होते ते ट्रे. पेशंटचा एक हात सुईने अडकलेला असतो, म्हणून सगळं दुसऱ्या हाताच्या टप्प्यात हवं. पावाला लोणी आधीच लावलेलं, अंडं सोललेलं, पेला अर्धाच भरलेला. "हात पोचत नसेल तर ते वाढलंच नाही," हा तिचा एकमेव नियम. आणि परीक्षा अशी, की जो टेबल लावेल त्याचाच डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायचा आणि त्याला तिथे जेवायला बसवायचं.

मंगळवारी मधलीने सूप तीनदा सांडलं, बुधवारी एकदा, गुरुवारी ते थेट भावाच्या मांडीवर सांडलं, पण तो अपघात नव्हता. मावशीच्या हाताला दोनशेचीच सवय. चौघांसाठी काकडीचं थंड सूप करायला बसली आणि बादलीभर झालं. मग मुलांनी ते पातेल्यांत भरून मजल्यामजल्यावर वाटलं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका हसण्याच्या आवाजाची तक्रार करायला आले, ते दोन वाट्या पिऊनच गेले. हे सगळं ऐकून मी कपाळाला हात लावला. गणिताचे दिवस वाया चालले होते.

रविवारी आम्ही दार वाजवलं, तर तिघंही डोक्यावर मावशीच्या इस्पितळातल्या जुन्या टोप्या चढवून उभी.

"नवीन पेशंट आले," मधली आत ओरडली.

आम्हाला दंडाला धरून खुर्च्यांवर नेलं. मावशी मोरीपाशी उभी राहून कोरडेच हात पुसत होती. इस्पितळात प्रत्येक ट्रेवर असते तशी आमच्या ताटांवर एकेक चिठ्ठी होती. बायकोची: "खाट दोन. थकवा. गोड दोनदा द्यावे." माझी: "खाट एक. चिडचिड. मऊ खाणे. फोन बंद." मी काही म्हणायच्या आत धाकटीने माझ्या डाव्या हातातला फोन काढून फळीवर ठेवला आणि थोरल्याने तो हात खुर्चीला बांधून टाकला.

मला राग आला, खरंच आला. मी चुका शोधायला सुरुवात केली. बटाटा आधीच चिरलेला. मीठ करंगळीशी. लोणी पावाच्या पार कडेपर्यंत. फोन वाजला, उजव्या हातात चमचा होता. पुन्हा वाजला, तोंडात सूप होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा धाकटी फोनवर वाकून गंभीरपणे म्हणाली, "पेशंट जेवतायत." बायकोच्या नाकातून सूप आलं. मग मला हसू आलं, आणि एका हाताने हसू काही आवरता येत नाही. शर्टाच्या दोन बटणांना सूप लागलं. पाच मिनिटं कुणाला बोलता येईना.

हसत नव्हती ती एकटी मावशी. ती माझं ताट बघत होती. ट्रे परत आला की आधी काय उरलंय ते बघायचं, ही तिची जुनी खोड. परीक्षा घ्यायला आलो होतो मी, आणि एकतीस वर्षांनंतर ही बाई माझ्या ताटातल्या शेवटच्या बटाट्याकडे जीव मुठीत धरून बघत होती. माझी मलाच लाज वाटली. मी बटाटा खाल्ला आणि पेन्सिल मागितली.

धाकटीने चिठ्ठी धरून ठेवली, कारण माझा दुसरा हात बांधलेला. मी लिहिलं: "पेशंटमध्ये सुधारणा. मुलांना सुट्टी संपेपर्यंत डिस्चार्ज नाही."

मावशीने ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून आमच्यात बसली, पदराने डोळे पुसले आणि थोरल्याला म्हणाली, "खाट एकला अजून सूप दे. आणि हात सोडू नका त्याचा."