चिनी जहाजाला माझा हात

ये गं, इकडे ये. अशी माझ्याजवळ बस. दारात काय उभी राहिलीस, मीटर बघायला आल्यासारखी? आधी ती बॅग काढ पाठीवरची. आणि मघाशी फोनवर मैत्रिणीला काय सांगत होतीस? "आजीच्या शोकेसमध्ये चायनीज जहाज आहे, आजोबांनी बनवलेलं." असं अर्धंमुर्धं सांगू नये, बाई. आज नीट ऐक, मग सांग कोणाला सांगायचं ते.

तुमच्या खारघरच्या खिडकीतून डोंगर दिसतो. आमच्या ह्या घराच्या मागच्या दारातून खाडी दिसायची. आता जिथे सोसायटीच्या गाड्या लागतात ना, तिथे भरतीचं पाणी यायचं. तिथेच चिखलाच्या कडेला तुझे आजोबा होड्या बांधायचे. लहान होड्या, मोठे मचवे, ज्याला जे पाहिजे ते. कागदावर काही काढायचे नाहीत. लाकडाला बोटं लावायची, डोळा बारीक करायचा, झालं.

त्यांच्या कामात एक रीत होती. होडीचा कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड, एकदा मांडलं आणि नारळ फुटला, की ती पाण्यात उतरेपर्यंत बाईने तिला हात लावायचा नाही. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच सांगितलं, स्वयंपाकघर नंतर दाखवलं. मी रोज भाकरी घेऊन जायची आणि लांब, भेंडीच्या मोठ्या झाडाखाली ठेवून हाक मारायची. आतून कशी दिसते होडी, फळीला फळी कशी बसते, मला काही माहीत नव्हतं. वाईट वाटायचं का? नाही गं. ती त्यांची जागा, चूल माझी जागा. एवढंच.

नव्वदच्या पुढची वर्षं ती. जमिनी नव्या शहरासाठी कधीच गेल्या होत्या, मग भराव पडत पडत खाडीही मागे सरकली. मासळी गेली. होत्या त्या होड्या चिखलात कुजायला लागल्या, नवीन सांगायला कोण येणार? बदल्यात प्लॉट मिळाले, गावातली पोरं बिल्डर झाली, इमारती चढल्या. तुझे आजोबा दसऱ्याला हत्यारं पुसायचे, हळद-कुंकू लावायचे आणि परत गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकायचे. कोणी म्हणालं, "काका, आता फर्निचर करा, किचनची कपाटं करा, चिकार काम आहे," तर म्हणायचे, "कपाट कुठं जातं?"

अशात वाशीचा तो हॉटेलवाला आला. मूळचा साताऱ्याचा गडी, त्याचा बाप मार्केटात गोण्या उचलायचा. ह्याने चायनीज हॉटेल काढलेलं. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्यावर चिनी शिडाचं जहाज.

"काका, असलंच पाहिजे बघा. हातभर लांब. गल्ल्यापाशी काचंत ठेवायचंय. तुमच्याबिगर कोण करणार?"

आजोबांनी ते पान खिडकीशी नेलं. किती वेळ बघत राहिले. शिडं अशी, पंख्यासारखी, आडव्या काड्या घातलेली. मागचा भाग उंच उचललेला. मी चहा घेऊन आले तर म्हणाले, "अगो, ये बघ. चीनचा मचवा."

त्या दिवशी ते जेवताना बोलत होते. कितीतरी दिवसांनी.

माळ्यावरून हत्यारं उतरली. कुणाच्या तरी जुन्या मचव्याचं सागाचं लाकूड आणलं. आणि बरं का, ओटीवर त्यांनी आधी कणाच मांडला, नारळ फोडला. हॉटेलवाला बघायला आला तर डोकं खाजवत म्हणाला, "काका, ह्या जहाजाचं बूड सपाट असतं म्हणं की. एकानं सांगितलं मला."

"मंग ते पानी कापनार कशानं?"

"पाण्यात कुठं जायचंय त्याला? काचंत बसायचंय."

"होडी हाय ती. परात नाय."

झालं. वरून चिनी आणि खालून आपल्या खाडीचं, असं ते जहाज होऊ लागलं. सपाट जागेवर उभं राहीना, कलंडायचं, म्हणून खाली लाकडी घोडी करावी लागली. माझी मोठी जाऊ येता-जाता टोमणा मारायची, "काय गं, भावजी चीनला चालले काय? येताना मना साडी आना म्हनावं." आजोबा रंधा मारता मारता हसायचे. मी ओटी झाडायची ती जहाजाच्या भोवतीने. म्हटलं एकदा, "एवढंसं तर आहे, त्याला कसली आलीय रीत?" तर म्हणाले, "हातभर असली तरी होडी ती होडी." मी केरसुणी मागे घेतली.

फळ्या लागल्या, वरची खोली झाली. शिडं आणि डोलकाठ्या राहिल्या होत्या. आणि एका सकाळी तोंड धुताना त्यांच्या हातातून तांब्या पडला. मला वाटलं निसटला. बघते तर तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय. अर्धांगाचा झटका.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा पाय थोडा फरफटत का होईना चालायचा. हात मात्र मेला तो मेलाच. डॉक्टरांनी स्पंजचा चेंडू दिला होता, दाबायला. मी रोज तेल गरम करून खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची, मग चेंडू त्यांच्या तळहातावर ठेवून वरून माझी मूठ वळायची. "दाबा. हं, दाबा." चेंडू माझ्याच जोराने दबायचा. ते बघायचे चेंडूकडे आणि मी बघायची त्यांच्याकडे.

जहाज ओटीवर जुन्या चादरीखाली होतं. मी त्यावरची धूळसुद्धा झटकली नाही. तुला वेडेपणा वाटेल, पण माझ्या मनात असं बसलं होतं, की जोवर मी हात लावत नाही तोवर ते त्यांचं काम आहे. त्यांचं काम आहे म्हणजे त्यांना ते पुरं करायचंय. आणि पुरं करायचंय म्हणजे हात परत येणारच. हॉटेलवाला फळं घेऊन आला, म्हणाला, "काकी, राहू द्या जहाज. काकांना टेन्शन नको. मी प्लास्टिकचं आणतो कुठलं तरी." मी त्याला दारातच थांबवलं. म्हटलं, "आणू नका. हे करतील. थोडं थांबा."

डाव्या हाताने त्यांनी केलं की प्रयत्न. पटाशी सटकली आणि मांडीत गेली. रक्त पुसताना मी रागावले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी भांडी घासून ओटीवर आले तर चादर बाजूला काढलेली. ते शेजारी बसलेले. बोलणं अडखळत यायचं त्यांचं, शब्द अर्धे गिळले जायचे. म्हणाले, "हात लाव."

मला वाटलं त्यांना उठवायला हात दे म्हणतायत. मी हात पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि हात जहाजावर ठेवला.

मी हात मागे ओढला. "अहो, हे काय? रीत तुमचीच ना? तुम्ही करायचंय हे. येतोय हात, डॉक्टर म्हणाले ना."

"नाय येत."

"येईल."

"अगो, नाय येत. मना ठावं हाय." आणि परत माझं मनगट धरलं. "तूच हाय आता. लाव."

बायका सांगतात ना, नवऱ्याने अमुक करू दिलं, तमुक करू दिलं, किती आनंद झाला. मला त्या दिवशी हात लावायला मिळाला, त्यासारखं दुःख मला दुसरं मिळालं नाही. माझा हात त्या लाकडावर होता आणि मला कळत होतं, की ह्या माणसाने आतल्या आत आपला उजवा हात सोडून दिला. मी रडले. ते रडले नाहीत, माझं रडणं थांबायची वाट बघत बसले, आणि मी डोळे पुसल्यावर म्हणाले, "कानस घे."

कानस कुठली तेही मला माहीत नव्हतं. मी रंधा उचलला. तेव्हा मात्र हसले, वाकड्या तोंडाने.

असं शिकले मी. डोलकाठ्या घासल्या. शिडाच्या आडव्या काड्या जुन्या सुपाच्या बांबूच्या कांबटांच्या केल्या. शिडं तांबूस होती चित्रात. त्यांनी सांगितलं, पूर्वी जाळी जशी झाडाच्या सालीत उकळायचो तसं कापड उकळ. माझं जुनं विटकं लुगडं फाडून उकळलं, घरभर तो वास. चुकलं की डाव्या हाताने मांडीवर थाप मारायचे, "येडी! उलटं!" मी म्हणायची, "चीनमध्ये असंच असतं." पुरं झाल्यावर ते म्हणाले, पाण्यात उतरवायचं. मोठ्या घंगाळात पाणी भरलं, हळद-कुंकू लावलं, सोडलं. जहाज एका अंगाला झुकलं. त्यांनी खिशातून सुपारी काढून वर उचललेल्या अंगाला आत टाकली, मग अजून एक. सरळ झालं.

हॉटेलवाला न्यायला आला तेव्हा फार खूश. "काका, एक नंबर! काय हात आहे तुमचा!"

आजोबा उठून उभे राहिले, भिंतीला धरून. "मी नाय केली. हिनं केली."

मी मागून म्हटलं, "त्यांनीच केलंय हो, मी नुसती—"

"हिनं केली," ते परत म्हणाले, मोठ्याने. "कना माजा. बाकी हिची."

तो गेल्यावर मी तेल गरम करून आणलं, रोजच्यासारखं. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर घेतला, त्याच्यावर पंचा टाकला. "आता राहू दे," म्हणाले. त्यानंतर मला तेल लावू दिलं नाही कधी. हत्यारं त्यांनी पुतण्याला देऊन टाकली, कपाटं करणाऱ्याला. ते गेले तेव्हा तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं. हॉटेल बंद झालं तेव्हा त्या भल्या माणसाने जहाज स्वतः आणून दिलं.

शिडं आता विरलीत गं. मोठ्या शिडाला तर हात लावला की भुगा पडतो. साल मिळवलीय मी, कापडही काढून ठेवलंय. पण सुईत दोरा जात नाही माझ्याच्याने, आणि काड्या बांधताना कोणीतरी पलीकडून धरायला लागतं. तुला वेळ नसतो, माहितीय मला. तरी येत्या रविवारी ये. सकाळीच ये, जेवायलाच ये.